बोलावल्याशिवाय

आमच्या घरात हट्टाला कधी तोटा नव्हता. ह्यांचा हट्ट मोठ्यानं बोलायचा आणि हेमलताचा गप्प बसायचा, भावाबहिणीत फरक काय तो एवढाच. मधल्या मधे मी सापडले. अजूनही दोघांची आठवण झाली की आधी राग येतो आणि मग रडू येतं.

हेमलता माझी धाकटी नणंद. आईवडील लवकर गेलेले, त्यामुळे तिला ह्यांनीच लहानाची मोठी केली. शाळेत पोचवण्यापासून वेणीला रिबिन आणण्यापर्यंत सगळं तिच्या ह्या अण्णानं करायचं. तिनं १९५३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आलेल्या सेल्वरत्नम नावाच्या कोलंबोच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा सालस होता, पण तमिळ बोलणारा आणि समुद्रापलीकडचा. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या पायरीवर उभं राहून, शेजारच्या गंगव्वाला आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही."

तिनं वाकून नमस्कार केला आणि गेली.

ह्यांचा राग म्हणजे उतू गेलेलं दूध, वर येतो आणि खाली बसतो. दोनेक वर्षांत ह्यांनीच पहिलं पत्र टाकलं. मग दिवाळीला, मुलं झाली तेव्हा, परीक्षांचे निकाल लागले तेव्हा, पत्रं येत-जात राहिली. सगळं सुरळीत झालं असं गल्लीत सगळ्यांना वाटलं. फक्त ते पायरीवरचं वाक्य कुणी मागं घेतलं नव्हतं.

बासष्ट साली दसऱ्याच्या आधी तिचं पत्र आलं. मुलांना भारत दाखवायचा आहे, बोटीनं धनुष्कोडीला उतरून मद्रास, मग बंगळूर, शेवटी म्हैसूर. स्टेशनजवळ हॉटेलात खोल्या घेतल्या आहेत.

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. "हॉटेलात? घर असताना?"

"तुम्ही बोलावलंत कुठं?" मी म्हटलं.

"स्वतःच्या घरी यायला माणसाला आमंत्रण लागतं?"

"लागतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"रागात बोललेलं कुणी इतकी वर्षं धरून बसतं?" हे खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "आता मी बोलावलं, तर ते वाक्य मी अजून खरं धरतो असं होईल. मग ती आली तर पाहुणी म्हणून येईल. हेमू पाहुणी नाही. ती आपली आपण येईल, बघशील तू."

आणि त्याच संध्याकाळी ह्यांनी पिंजारी बोलावून गाद्या पिंजून घेतल्या. पुढची खोली रंगवली. टेलिफोनच्या कारखान्यात आयुष्यात पहिल्यांदा सलग आठवडाभर रजा टाकली.

ती मंडळी आली आणि हे हॉटेलवर हजर. रोज सकाळी टॅक्सी घेऊन जायचे आणि त्यांना बंगळूर दाखवायचे. कब्बन पार्क, म्युझियम, टिपूचा महाल, विधानसौध. कुठला दगड कुठल्या खाणीतला हेसुद्धा सांगायचे. सेल्वरत्नम मान डोलवायचा. मुलं कंटाळायची. हेमलता मात्र मन लावून ऐकायची, जणू या गावात तिचा जन्मच झाला नव्हता.

लालबागेत मी बरोबर होते. पुरुष पुढं गेलेले पाहून मी तिचा हात धरला. "चल गं घरी. तुला आवडतं म्हणून पुरण घातलंय."

तिनं चालता चालता विचारलं, "अण्णांनी सांगितलंय?"

"सांगितलंय की," मी बेधडक खोटं बोलले.

ती हसली. "वहिनी, तुम्हाला खोटं कधी जमलं नाही. त्यांनी सांगितलं की मी त्याच पावली येईन. मुलांना मी काय सांगितलंय, माहीत आहे? मामा घरी न्यायला येणार आहे म्हणून. रोज सकाळी तयार होऊन बसतात बिचारी. आणि मामा येतो तो म्युझियम दाखवायला घेऊन जातो."

मी घरी आले आणि ह्यांना बोलले ते सगळं इथं सांगत नाही. शेवटी म्हटलं, "एक शब्द. 'चल' म्हणा. त्यात तुमचं काय जातंय?"

"तिनं यावं, एवढंच तर म्हणतोय मी. दार कधी बंद केलं का? तिला सगळी गल्ली पाठ आहे."

"दार तुम्ही तोंडानं बंद केलंत. ते तोंडानंच उघडायला हवं."

ह्यांनी चष्मा काढून काचा पुसल्या. मला वाटलं, लागलं बहुतेक मनाला. दुसऱ्या दिवशी नंदीचं देऊळ ठरलं होतं, आणि तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. म्हणजे आता तरी आणणार, असं समजून मी पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक केला. पानं मांडली, रांगोळी घातली, आणि देवळात जाऊन पोचले.

दर्शन झालं. मुलांनी नंदीला एवढा मोठा बघून तोंडात बोटं घातली. पायऱ्या उतरून सगळे टॅक्सीपाशी आले. ह्यांनी छत्री उचलून समोर दाखवली. "ती गल्ली. आपलं घर."

"माहीत आहे, अण्णा."

"पुढची खोली रंगवलीय. पिवळी."

"हो का?" हेमलता त्या दिशेला बघत राहिली. "इथून दिसत नाही."

"नाही. वळणावर गेलं की दिसतं."

एवढं बोलून दोघं उभी राहिली. मला ह्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता. हेमलता पदर हातात धरून त्याला पीळ घालत होती. टॅक्सीवाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, "स्वल्प पुढं घेऊ का, अण्णा? मागं बस आलीय." हे म्हणाले, "सरी, सरी. घे पुढं." आणि ती गाडीत जाऊन बसली. दार तिनंच ओढून घेतलं.

त्या दुपारी ह्यांनी मांडलेल्या पानांकडे पाहिलं आणि न जेवता मागच्या पडवीत जाऊन बसले. पुरणपोळ्या मी गंगव्वाकडे दिल्या. कोण आलं होतं, असं तिनं विचारलं नाही. सगळं तिला माहीत होतं.

स्टेशनवर म्हैसूरच्या गाडीत त्यांना बसवायला गेलो. आता तरी म्हणतील म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे खिडकीच्या गजांना धरून सेल्वरत्नमला इंग्रजीत सांगत होते, मद्दूरला वडा चांगला मिळतो, गाडी थांबते, उतरून घ्या. हेमलता पलीकडच्या रुळांकडे बघत होती. गाडी हलली तेव्हा ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गाडीबरोबर जाता येईल तेवढं चालत गेले.

पुढं मी तिला घरी ये म्हणून कितीदा पत्रं लिहिली. उत्तरं गोड यायची. पण मुलांच्या परीक्षा, सेल्वरत्नमची रजा, तिची तब्येत, न येण्याला काही ना काही कारण असायचं. हे दर सुटीच्या आधी म्हणायचे, "यंदा येईल बघ." गाद्या उन्हात टाकायला लावायचे. मग म्हणेनासे झाले. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा मला म्हणाले, "देवळापाशी मी नुसतं 'चल' म्हटलं असतं, तर काय झिजणार होतो मी?"

"आता लिहा तसं. मी कागद आणते."

"आणायचं तर मी स्वतः जाऊन हाताला धरून आणीन. स्वल्प बरं वाटू दे."

बरं वाटलं नाही. अडुसष्टच्या श्रावणात हे गेले. अरविंदनं, माझ्या मुलानं, कोलंबोला तार केली. मी त्याला म्हटलं, कळवायचं म्हणून कळव, ती काही येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. दार उघडंच होतं. विमानानं मद्रासला आणि तिथून रात्रीच्या गाडीनं ती आली. पायरीवर थांबली नाही. चपला काढल्या, न विचारता मागच्या न्हाणीत जाऊन पाय धुतले, तशीच ओल्या पायांनी आत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ आम्ही दोघी रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला कुणी बोलावलं नाही, वहिनी. मीच आले."

दुःखाच्या घरी कुणी कुणाला बोलवत नाही, माणसं आपली आपण येतात. गंगव्वानं भाताचं पातेलं आणून ठेवलं होतं. हेमलता उठली, फळीवरून ताटं काढली आणि सगळ्यांना वाढू लागली. अगदी घरच्यासारखी वावरत होती, ह्यांना हवी होती तश्शी. बघायला तेवढे हे नव्हते.