म्हसोबाचा वाटा

आण्णांनी दारू सोडली तेव्हा सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती म्हसोबाची.

आण्णा म्हणजे माझे वडील, सहादेव. गुढीपाडव्याच्या सुमाराला ते नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून परत आले आणि तेव्हापासून चहा पितात. सकाळी चहा, दुपारी चहा, कोणी भेटलं की चहा. गावाला हे जड गेलं. पिणाऱ्या सहादेवशी कसं वागायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, न पिणाऱ्याशी काय बोलायचं ते कुणाला सुचेना. लोक त्यांच्या डोळ्यांत डोकावायचे आणि 'बरं वाटतंय ना आता?' असं हळू आवाजात विचारायचे. आईने कौतुकाचा एक शब्दही काढला नाही. ती रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि वास नसला की भाकरी वाढायची.

म्हसोबा आमच्या भावकीचा. बांधावरच्या लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघण्याआधी भावकीतल्या थोरल्याने त्याला देशीची बाटली द्यायची, अशी आमची रीत. अर्धी देवावर ओतायची. उरलेली आधी थोरल्याने तोंडाला लावायची, मग भावकीत फिरवायची. रीत चुकली तर उसाच्या फडात कोयता पायावर बसतो असं सगळे मानतात. ज्यांच्या पायावर बसलाय ते जरा जास्तच मानतात. आजोबा गेल्यापासून थोरले आण्णाच.

मी शेवगावला कॉलेजात शिकते, त्यामुळे मला उपाय सुचतात. मी लिंबू सरबत सुचवलं. बिभीषण तात्या आमचे भगत. ते रागावले नाहीत, देवालाच विचारू म्हणाले. त्यांनी दगडाला दोन ओली फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर देवाला मान्य, डावं पडलं तर नाही. सरबताला डावं पडलं. चहाला डावं पडलं. बाटली दुसऱ्या कुणी दिली तर चालेल का, यालाही डावंच पडलं. थंड्याच्या बाटलीचं विचारलं तेव्हा तर प्रश्न पुरा व्हायच्या आत डावं फूल खाली होतं. म्हसोबाने काही सोडलेली नव्हती.

त्या संध्याकाळी आईने आपला कोयता काढून धार लावायला घेतली. आण्णांचा कोयता आढ्यालाच लटकत राहिला. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीने जातात, आणि गेल्या वर्षी आमची जोडी नावालाच होती. संगमनेरकडच्या फडात आई एकटीने ऊस तोडायची, एकटीने मोळ्या बांधायची आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायची. आण्णा कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडलेले असायचे. धार लावता लावता, वर न बघता आई म्हणाली, "म्हसोबाहून कोरडे आले तर जोडी तुमच्यासंगं. न्हाई तर म्या माज्या भावाच्या टोळीत जाते. तुमी ऱ्हावा हितंच."

आण्णा हूं म्हणाले. इथं राहायचं म्हणजे रिकाम्या घरात, आणि गावातलं देशीचं दुकान तर वर्षभर कुठेच जात नाही. एक घोट आणि सगळं पहिल्यापासून.

बाटली आईनेच आणली. आण्णांना दुकानाची पायरी चढायला लागू नये म्हणून ती स्वतः रांगेत उभी राहिली. पुढच्या माणसांनी तिला वाट करून दिली. त्यांना वाटलं, सहादेवने सोडली आणि हिने धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी भावकी लिंबाखाली जमली. आई आणि मी जरा लांब उभ्या होतो. आण्णांनी टोपण फिरवलं. वास आमच्यापर्यंत आला, म्हणजे त्यांना किती आला असेल. थोडी दारू बोटांवर सांडली. अर्धी दगडावर ओतून झाली आणि ते थांबले. बाटलीत अजून अर्धी होती आणि आण्णा तिच्याकडे बघत होते. इतका वेळ त्यांनी माझ्याकडेसुद्धा कधी बघितलेलं नाही.

"परसाद हाय, सहादेवा," तात्या म्हणाले. "परसादाला न्हाई म्हनू ने."

आण्णा दगडापुढे उकिडवे बसले.

"देवा, तुला ठाव हाय," ते म्हणाले. "निम्म्याची रीत हुती. म्या तुला दर साली टोपनभर दिली आन तुजा समदा वाटा माज्या पोटात घातला. आता ह्यो तुजा तू घे."

आणि उरलेली बाटली त्यांनी दगडावर उपडी केली.

तात्यांनी भावकीकडे बघितलं, भावकीने जमिनीकडे. टोपणभराची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण त्या वाट्यातला घोट त्यांच्याही पोटात गेला होता. आता जमिनीत मुरणाऱ्या दारूकडे काही जण फार दुःखाने बघत होते.

तात्यांनी जरा विचार केला. "मंग फिटलं का ह्या साली?"

"न्हाई, तात्या," आण्णा म्हणाले. "लई सालं लागतील."

तात्यांनी कौल लावला. बराच वेळ काही झालं नाही, मग उजवं फूल पडलं. वारा होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

घरापर्यंत आण्णा दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालले. सांडलेली दारू त्यांनी सदऱ्याला पुसली नाही. अंगणात आईने तांब्या आणला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं. मग आधी हातांचा वास घेतला, मग तोंडाचा. तिने दुसऱ्यांदा हुंगलं. नंतर ती तशीच उभी राहिली, रिकामा तांब्या धरून.

"आढ्याचा कोयता काढा खाली," ती म्हणाली. "गंजलाय त्यो. धार लावाया येळ लागंल."

आण्णा स्टूल शोधायला लागले. मी आत जाऊन रडले आणि मग चहा टाकला.