सलामीची माती

माझे मालक कुस्तीत हरतील अशी भीती मला कधी वाटली नाही. हरले तर हरले, माती झटकून घरी येतील. माझा जीव टांगणीला लागायचा तो विहिरीच्या पाळीला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगायचं तर घ्यावंच लागेल. रामकिशन पैलवान. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याच्या कुस्ती संघात त्यांची निवड झाली. सासूबाईंनी ही बातमी गावभर अशी सांगितली, की जणू लंगोट त्यांनीच लावला होता.

त्याच साली दुष्काळ पडला. आमची विहीर चुलत दिरांबरोबर सामाईक. तळाला रातभर जे काही झिरपायचं, ते एक दिवस त्यांचं, एक दिवस आमचं. पण आमच्या पाळीला आप्पासाहेबाचा पोहरा आधीच विहिरीत असायचा. त्या चुलत दिरांतला थोरला आहे, पण मी त्याला 'तो'च म्हणते. नावात साहेब आहे तेवढा पुरे.

माझं माहेर धर्माबाद. वडील मिरचीच्या अडतीवर हमाल होते, त्यामुळे मारामाऱ्या मी लहानपणीच पाहिल्या. मारामारी सुरू झाली हे मार खाणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळायचं. कुणी तिखटाची मूठ डोळ्यांत फेकायचं, कुणी मागून पाय ओढायचं, आणि पडलेल्याला उठायला कुणी हात देत नसे. म्हणून मी यांना म्हणाले, "अवो, विहिरीवर वस्ताद न्हाई, पंच न्हाई. वाद झाला तर गुमान घरला या."

हे हसले. "तू लई भेतीस, सिंधू. मी काय आप्पादादाला माराया चाललोय का? आला अंगावर तर एका डावात चित करतो. चित झाला की मिटलं."

"त्येच्या बाजूनं मिटंल का?" मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. पाळी आमची होती आणि दोर आप्पासाहेबाच्या हातात होता. सोबत त्याचा मेहुणा विरूपाक्ष, उदगीरकडचा, हातात बैलगाडीची शिवळ, जुवातला हातभर लाकडी दांडा, घेऊन उभा. शिवळ हातात आणि गाडीचा पत्ता नाही. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. काठही जागोजागी ढासळलेला.

"दादा, आज आमची पाळी हाय," हे म्हणाले.

"ज्याच्यात ताकद त्याची पाळी. धरतो का कुस्ती, पैलवान?"

कुस्ती म्हटल्याबरोबर यांचा चेहरा खुलला. आता सगळं ओळखीचं झालं असं त्यांना वाटलं असावं. सदरा काढून माझ्याकडे दिला, वाकून माती उचलली, कपाळाला लावली. आखाड्यात पैलवान सलामीला एकमेकांच्या हातावर माती देतात. पकड घामानं सुटू नये म्हणून, आणि मनात वैर नाही म्हणून. यांनीही मूठभर माती आप्पासाहेबाच्या हातावर ठेवली. काय म्हणावं या माणसाला! मी "नगा" म्हणेपर्यंत तीच माती आप्पासाहेबानं यांच्या डोळ्यांत फेकली होती.

मागून विरूपाक्षनं गुडघ्यावर शिवळ हाणली. हे खाली बसले आणि लगेच उठले. डोळे घट्ट मिटलेले, कंबर वाकवलेली, दोन्ही हात पुढे. पकड शोधत होते. अजून कुस्तीच खेळत होते!

मग ते दोघे बाजूला झाले. आप्पासाहेब विहिरीला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेला आणि तिथून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ये की, पैलवान. हितं हाय मी."

हे त्या आवाजाकडे निघाले.

"विहीर हाय! थांबा, विहीर!" मी ओरडले. विरूपाक्ष माझ्याहून मोठ्यानं ओरडायला लागला, शिव्या द्यायला लागला, टाळ्या वाजवायला लागला. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचेचना. शेवटी घागर टाकून मी धावले आणि त्यांचा हात धरून मागे ओढला.

हात ओढला की काय करायचं, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. ते गर्रकन फिरले, मला कमरेवर घेतलं आणि आपटलं. आभाळ फिरलं. खांद्यात कळ उठली, हातातल्या बांगड्या दगडावर फुटल्या. वरून त्यांचा गुडघा माझ्या छातीवर आला आणि पंजा गळ्यावर.

बांगड्यांचा आवाज त्यांच्या कानांत गेला असणार. पंजा सैल झाला. ते माझ्यावरून उठले आणि जागच्या जागी खाली बसले. त्यांच्या टाचेखालची ढेकळं सुटून विहिरीत गेली.

"मारली बाबा कुस्ती पैलवानानं!" पलीकडून आप्पासाहेब हसला. दोघांनी निवांत पाणी भरलं आणि ते निघून गेले.

"सिंधू?" हे म्हणाले. डोळ्यांतून चिखल गळत होता. "सिंधू, तूच व्हतीस का?"

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि मातीत मला चाचपायला लागले. त्यांना काठापासून ओढायला हवं होतं, डोळे पदरानं पुसायला हवे होते. मला सगळं कळत होतं. पण तो हात जसजसा जवळ आला, तसतशी मी पडल्या जागेवरून मागे सरकत गेले.