टार्व्हरांच्या पदातली जास्तीची ओळ

शनिवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना टॉलवुड स्टेट कॉलेज अमेरिकन फुटबॉलचा सामना हरलं आणि सहाच्या ठोक्याला डीकन लुशियस टार्व्हरचा आवाज बसला. त्याच्या बायकोचं, अर्नस्टीनचं म्हणणं असं, की पहिल्या गोष्टीचं सुतक धरण्यात अर्थ नाही आणि दुसरी त्यानं स्वतःच्या हातानं, म्हणजे तोंडानं, ओढवून घेतलेली आहे.

झालं होतं ते एवढंच. टॉलवुड तीन गुणांनी मागे, घड्याळात अकरा सेकंद. त्यांचा एक बैलासारखा गडी चेंडू पोटाशी कवटाळून ब्रँटली कॉलेजच्या गड्यांच्या गर्दीत घुसला आणि गोलरेषा दोन हातांवर असताना त्याच्या कुशीतून चेंडू निसटला. ब्रँटलीचा कुणीतरी त्यावर पालथा पडला. गड्याचा गुडघा आधी जमिनीला लागला असता, तर चेंडू टॉलवुडचाच राहिला असता आणि आणखी एक डाव मिळाला असता. पंचांनी चित्रण मागेपुढे करून पाहिलं आणि सांगितलं, की चेंडू आधी सुटला, गुडघा नंतर टेकला. संपला खेळ.

लुशियसनं कॉलेजच्या भटारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. टॉलवुडच्या चार पिढ्यांच्या खेळाडूंना त्यानं आपल्या हातानं मक्याची भाकरी आणि पालेभाजी वाढली होती. त्या पोरांना चेंडू धरता येत नाही हे कुणी म्हटलं, की त्याला आपल्या रांधण्यालाच नाव ठेवल्यासारखं वाटायचं. तो टीव्हीसमोर उभा राहून पंचांना सांगत राहिला, "टेकला होता, अरे टेकला होता." आधी समजावणीच्या सुरात, मग कोर्टातल्या वकिलासारखा, मग आग लागल्यावर माणसं ओरडतात तसा. मग त्यानं स्वतः ते चित्रण अकरा वेळा चालवून पाहिलं आणि अकराही वेळा ओरडला. शेवटी ओठ हलत होते आणि आतून फक्त हवा येत होती.

फोन वाजला. होझेया क्रम्पचा होता. लुशियसनं उचलला आणि ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. हे सात वेळा झालं.

होझेया म्हणजे लुशियसच्याच माउंट नेबो चर्चमधला दुसरा डीकन, म्हणजे सेवेकरी. त्याच्या तीन मुली ब्रँटलीतून शिकून बाहेर पडल्या, त्यामुळे तो ब्रँटलीचा. दोघांची मैत्री साठ वर्षांची, आणि त्यातले शेवटचे तीस शरद ऋतू, म्हणजे फुटबॉलचे हंगाम, एकमेकांना पाण्यात पाहण्यात गेलेले.

"जेव," अर्नस्टीन म्हणाली.

लुशियसनं मान हलवली.

"कोंबडी काय तुझ्या पंचानं शिजवली? आणि उद्याचं काही डोक्यात आहे का? आत कोण निजलंय ते तरी आठवतंय?"

आठवलं, आणि लुशियस खुर्चीत बसला तो बसलाच.

आत त्याची थोरली बहीण निजली होती. व्हर्डेल, वय वर्षं शहाऐंशी. आई गेली तेव्हा लुशियस सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊ-माखू घालून, बडवून, बायबल पाठ करवून वाढवलं ते हिनं. मग ती पोटापाण्यासाठी डेट्रॉइटला गेली ती तिकडचीच झाली. या खेपेला नातवाच्या गाडीत दोन दिवस अवघडून बसून ती अलाबामात आली होती ती एका गोष्टीसाठी. परवा गाडीतून उतरता उतरताच तिनं सांगितलं होतं, "लुशी, आता गुडघे ऐकत नाहीत. पुन्हा येणं होईलसं वाटत नाही. रविवारी बाबांचं पद तेवढं तुझ्या तोंडून ऐकवून पाठव. दुसरं काही नको."

माउंट नेबोत अजून जुन्या वळणानं गातात. पुढं उभा राहिलेला डीकन एक ओळ भरभर म्हणतो, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ उचलून लांब, संथ, हेलकावे देत गातात. पुस्तक नाही, पेटी नाही. दिलेली ओळ गायची, एवढाच कायदा. लुशियसच्या वडिलांनी, तेही डीकन होते, स्वतःचं एक पद रचलं होतं. ते त्यांनी कधी कागदावर उतरू दिलं नाही. कागदावरचं पद म्हणजे टाचणी टोचलेलं फुलपाखरू, असं ते म्हणत. शब्द लुशियसच्या पोटात, व्हर्डेलच्या पोटात, बाकी कुणाच्या नाहीत. आणि व्हर्डेलला तर ऐकायचं होतं.

रात्री मध झाला, लिंबू झालं, गळ्याभोवती गरम फडकं झालं. सकाळी लुशियसनं आरशासमोर तोंड उघडलं, तर जुन्या फाटकाच्या बिजागरीतून निघतो तसा आवाज आला. कानाला तोंड लावून कुजबुजला तर समजायचं, त्यापलीकडं नाही.

"होझेयाला विचार," अर्नस्टीन टोपी घालता घालता म्हणाली. "चाल त्याला येते. लहानपणी बाबांच्या पुढ्यातच बसायचा तो."

लुशियसनं आढ्याकडं पाहिलं. देवाला याहून बरी तोड सुचत असेल तर अजून वेळ आहे, असा तो चेहरा होता.

होझेया चर्चच्या पायरीवरच भेटला. गळ्यात टाय, तोही ब्रँटलीच्या नारिंगी रंगाचा, पिकलेल्या भोपळ्याला लाज वाटावी असा.

"कसा आहेस, ब्रदर टार्व्हर? काल फोन लागतच नव्हता तुझा. मी आपलं सहज प्रकृती विचारायला केला."

"सातदा?" अर्नस्टीन म्हणाली.

"काळजी वाटते माणसाला."

लुशियस काहीतरी पुटपुटला. होझेयानं कानामागं हात धरला. "काय म्हणतोस? मोठ्यानं बोल की."

"आवाज गेलाय त्याचा," अर्नस्टीन म्हणाली. "बाबांचं पद म्हणायचंय. व्हर्डेलताई त्यासाठी आल्यात. तो म्हणतोय, त्याच्या वतीनं ओळी तू द्यायच्या. हात जोडून विनंती आहे म्हणतोय."

लुशियसनं जोरजोरात मान हलवली. यातलं शेवटचं वाक्य तो बोलला नव्हता.

होझेयाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यानं आत डोकावून पाहिलं. पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून व्हर्डेल ताठ बसली होती, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. "शब्द मला येत नाहीत," तो म्हणाला.

लुशियसनं आपल्या तोंडाकडं बोट दाखवलं, मग होझेयाच्या कानाकडं.

"म्हणजे तू कानात सांगायचंस आणि मी गाऊन द्यायचं. तोफ मी आणि बत्ती तू." होझेयानं विचार केला. "चालेल. पण एक. गुडघ्याचं नाव काढायचं नाही. देवाचं घर आहे."

लुशियसनं मान डोलावली.

दोघं पुढं जाऊन उभे राहिले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागलेलं. दोन म्हातारे डीकन असे बिलगलेले पाहून पास्टर मेबरी चष्मा पुसू लागले. लुशियस कुजबुजला आणि होझेयाचा खर्ज छपराला जाऊन भिडला:

"नदी आहे रुंद आणि नाव माझी लहान…"

शंभर-सव्वाशे गळ्यांनी ती ओळ उचलली. 'नदी'तच त्यांनी इतका वेळ काढला, की खरीच नदी ओलांडून झाली असती. व्हर्डेलचे डोळे मिटले. काठी जमिनीवर हलकेच ठेका धरू लागली.

"वल्हं घे तू हाती देवा, थकली माझी मान…"

दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. होझेयाला आता रंग चढला होता. डोळे बंद, मान मागे, घामाचे ओघळ कॉलरीत. कानातून येईल ते तोंडातून जात होतं, मध्ये डोकं असं काही राहिलंच नव्हतं. गाणाऱ्याची याहून मोठी धन्यता कोणती? मंडळींचंही तेच. बायका पंखे हलवायच्या विसरल्या होत्या. व्हर्डेलच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

आणि कडवं संपून मंडळी नुसताच सूर घोळवत असताना लुशियसच्या नाकासमोर तो टाय आला. चार बोटांवर. नारिंगी. कालपासून छातीत अडकलेलं जे काही होतं, ते त्याच्या मनाला न विचारता वर आलं. तो फक्त होझेयाला ऐकू जावं म्हणून कुजबुजला. होझेयानं श्वास भरला आणि गाऊन ओळ दिली:

"चेंडू सुटायच्या आधी गुडघा टेकला होता…"

कायदा म्हणजे कायदा. दिलेली ओळ मंडळींनी उचलली. टॉलवुडची माणसं डाव्या बाकांवर होती, त्यांनी ती अशी गायली की छपराच्या कौलांनी साक्ष द्यावी. ब्रँटलीची माणसंही गायली, कारण सूर अर्ध्यावर सोडायची माउंट नेबोत रीत नाही. फक्त 'टेकला'शी त्यांच्या भुवया वर गेल्या. मागल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमेन, खरंय." पास्टर मेबरींनी बायबल तोंडासमोर धरलं, आणि ते बायबल हलत होतं.

होझेयानं डोळे उघडले. आपल्या तोंडून काय गेलं, ते त्याला मंडळींच्या तोंडून परत येताना कळलं. "लुशियस," तो दातांतून म्हणाला, "मला भर चर्चमध्ये खोटं गायला लावलंस."

लुशियस होझेयाकडं पाहतच नव्हता. व्हर्डेलनं डोळे उघडले होते. रागाचे नव्हते ते. ओठांवर मुरंबा दिसत असताना सहा वर्षांच्या लुशीनं बरणी आपण उघडली नाही म्हणून सांगितल्यावर ती जशी पाहायची, तशी ती पाहत होती. काठीचा ठेका थांबला होता.

बाबांच्या पदात खोटी ओळ गेली होती. अकरा वेळा त्यानं ते चित्रण पाहिलं होतं. पहिल्याच खेपेला त्याला दिसलं होतं, की चेंडू आधी सुटला. पुढच्या दहा खेपा तो पंचांवर नाही, आपल्याच डोळ्यांवर ओरडत होता.

मंडळींचा सूर विरत आला. सगळे पुढल्या ओळीची वाट बघत होते. लुशियसनं होझेयाचा कान गाठला आणि जड जिभेनं म्हणाला, "नव्हता टेकला. दे ही ओळ."

होझेया थबकला. कालपासून सात फोन करून त्याला हेच तर हवं होतं. आता श्वास भरायचा आणि गाऊन टाकायचं, की सव्वाशे माणसं, त्यात डावे बाक सगळे, टॉलवुडची हार स्वतःच्या तोंडानं सुरात कबूल करणार. जन्मात असा योग एकदा येतो. त्यानं डाव्या बाकांकडं पाहिलं. मग पहिल्या बाकाकडं पाहिलं.

"बाबांची ओळ सांग," तो हळूच म्हणाला. "ही माझ्यापाशी राहू दे."

लुशियसनं बाबांची ओळ सांगितली.

"काठावरती दिवा घेऊन माय उभी आहे…"

काठी पुन्हा जमिनीला लागली. शेवटच्या कडव्याला व्हर्डेल उभी राहिली, ऐकत नाहीत म्हणते त्याच गुडघ्यांवर, आणि ओळ दिली जायच्या आधीच तिचा पातळ, चिरका, पण सुरात बसलेला आवाज पुढं गेला. होझेया एक पाऊल मागे सरला. लुशियसही. शेवटच्या दोन ओळी मंडळींना तिनंच दिल्या.

सभा सुटल्यावर पायरीवर तिनं दोघांना गाठलं. "होझेया, ते चेंडूचं कडवं मी गेल्यावर बाबांनी जोडलं वाटतं?"

"नाही ताई. ते उशिराचं आहे. कालचं."

"आणि त्यानंतर हा तुझ्या कानात काय म्हणाला? मला त्याचं तोंड दिसत होतं."

लुशियस बुटांकडं पाहत राहिला. होझेयानं टायची गाठ सैल केली.

"डीकन लोकांचं आपसातलं असतं, ताई."

"बरं," व्हर्डेल म्हणाली. तिनं लुशियसच्या गळ्याला हात लावून पाहिला, आतून कढ आहे का म्हणून. "निघायला अजून दोन तास आहेत. अर्नस्टीन, कालची कोंबडी आहे का गं? यानं खाल्ली नाही म्हणत होतीस."

"आहे की."

"होझेया, तूही चल जेवायला. तो टाय मात्र काढ. माझ्या भावाचा घास उतरला पाहिजे."

होझेयानं टाय काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग लुशियसच्या कानाशी वाकून म्हणाला, "आवाज परत आला की पहिला फोन मला करायचास. मी उचलीन. आणि तेच वाक्य म्हणायचंस, सावकाश."

लुशियसनं तोंड उघडलं. बिजागरी करकरली, शब्द निघाला नाही. आठवडाभर तरी आवाज येऊ नये, अशी त्यानं चालता चालता मनोमन प्रार्थना केली.