तुतीच्या पानांखालचं पुस्तक

“मास्तर, तुरुंगात तुम्ही रडलात का?”

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीने, एर्सिलियाने लावली होती. मी विचारलंसुद्धा.

मास्तर वीमेर्काती आमच्या माडीवर राहायचे. देश आपला आहे एवढंच छापल्याबद्दल आमच्यावर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियावाल्यांनी त्यांना आठ वर्षं डांबलं होतं. आता लिहायला बंदी, तरी लिहायचे. बेड्यांनी आखडलेल्या बोटांनी दिवसाला एक पान.

“रडलो,” ते म्हणाले. “पण आधी खिडकीबाहेर बघ, पोरी.”

फाटकाशी शिपाई होते.

मी मास्तरांच्या लिहिलेल्या पानांचा गठ्ठा उचलला आणि मागच्या जिन्याने थेट रेशीमकिड्यांच्या खोलीत. परड्यांमध्ये अळ्या कुरकुर पानं खात होत्या. एका परडीतल्या तुतीच्या पानांखाली गठ्ठा सरकवला आणि वर अळ्या पसरल्या.

दारात आई हवालदाराला अडवत होती. “तंबाखू खाऊन आत नाही. अळ्या मरतात.”

“ठाऊक आहे, बाई. मी बेर्गामोचा. आमच्या आईनेही पाळल्यात.” त्याने बूट काढले, चूळ भरली आणि तो आत आला. इतका अदबशीर माणूस मला कधी इतका भयंकर वाटला नव्हता.

नेमकी तीच परडी त्याने तिरकी केली. कागदाचा कोपरा दिसला.

“हे काय?”

“शाळेचे जुने कागद,” मी म्हणाले. “परडीत घालतात ना.”

“वाच.”

त्याला वाचता येतं का, कोण जाणे. मी कोपऱ्याकडे बघून सुरू केलं, “मेंढी हा शांत प्राणी आहे. मेंढी आपल्याला लोकर देते. मेंढी कुणाशी भांडत नाही.”

त्याने परडी सरळ केली. अळ्या खात राहिल्या.

“मेंढीने भांडावं कशाला,” तो म्हणाला आणि बूट घालायला गेला.

पण परडीचा तळ ओला आणि उबट असतो, हे घाईत मी विसरले होते. गठ्ठा काढला तेव्हा शाई फुटायला लागली होती. दोन दिवसांत एक अक्षरही वाचता येणार नव्हतं. मास्तरांनी आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. दिवसाला एकच पान. त्यांनी सामान बांधायला घेतलं.

जेवताना बाबा म्हणाले, “मास्तर गेलेलेच बरे. पुढच्या वेळी मेंढ्या वाचवणार नाहीत.”

आईने मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढला. मी ताट मागे सारलं.

“आजपासून शाळा बंद,” मी म्हणाले. “ती पानं मी उतरवून काढणार, सगळी. ती होईपर्यंत मास्तर माडीवरून हलणार नाहीत. मी त्यांना सांगून आलेय.”