हूसुमची एकशिपी

कुंदाताईचं पत्र मला अडीच वर्षांपूर्वी आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही. ते फाडलं नाही, हरवलंही नाही; पुस्तकात खूण म्हणून ठेवलं, आणि ते एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिलं.

कुंदाताई माझी मोठी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, रेवदंड्याला असते. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ती अजून निळ्या शाईने पत्रं लिहिते. हे पत्र उल्का, म्हणजे माझी बायको, गेल्यानंतर महिन्याभराने आलं होतं. मजकूर चारच ओळींचा. 'पंढरी, उल्का गेली. आता तुला जेवायला हाक कोण मारतं? खरं असेल तेच लिही. कागदाच्या मागच्या बाजूला तिसऱ्यांच्या एकशिपीची कृती दिली आहे, कधी केलीस तर कळव.'

खरं असं होतं, की हाक कोणीच मारत नव्हतं. स्टुटगार्टच्या चढावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहत होतो आणि पुस्तकांच्या कपाटापाशी उभा राहून पाव-चीज खात होतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्याच्या नोंदी केल्या, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझा हात थांबतो. ताईला खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहायची लाज वाटत होती. मुलगा समर नेकारसुल्मला नोकरीला आहे, तासाभराच्या अंतरावर. तो आणि सूनबाई दर रविवारी जेवायला बोलवत. मी तीनातल्या दोन वेळा काहीतरी कारण सांगून टाळत असे. मला वाटायचं, ही माणसं कर्तव्य म्हणून बोलवतात. आपण गेलो नाही तर त्यांना मनातून सुटल्यासारखं वाटत असेल.

सूनबाईचं नाव वीबके. ती उत्तरेकडची, हूसुमजवळच्या एका गावात वाढलेली. सोळा वर्षांपूर्वी समर तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा उल्का मला म्हणाली, "अहो, तिला पाणी द्या." मी पाणी दिलं. वीबकेने माझ्याकडे बघून अगदी नीट म्हटलं, "डांके, आहो."

तिला वाटलं, माझं नाव 'अहो' आहे.

उल्का स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसली. "आज कोणी तिला सुधारायचं नाही," तिने समरला दम दिला. आज उद्यावर गेलं आणि ते नाव मला कायमचं चिकटलं. पुढे वीबकेला कळलं, की मराठी बायका नवऱ्याला अशी हाक मारतात. ती म्हणाली, "मग काय झालं? नाव चांगलंच आहे." त्यामुळे ती माझ्याशी जर्मनमध्ये 'डू', म्हणजे 'तू', करून बोलते, पण हाक मात्र अहो. नात दिया मला आहो-ओपा, म्हणजे अहो-आजोबा, म्हणते. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

या ऑक्टोबरच्या सुट्टीत त्यांनी मला हूसुमला नेलंच. वीबकेने आधी विचारलं नाही, माझं तिकीटच काढलं. बंदराजवळ चार दिवसांसाठी घर घेतलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही धक्क्यावर उभे राहून पावात घातलेला हेरिंग मासा खाल्ला. दुसऱ्या दिवशी होडीवरच उकडलेल्या बारीक कोळंब्यांची पिशवी घेतली आणि बाकावर बसून सोलत बसलो. वीबके डोकं आणि शेपटी धरून पीळ देते आणि एका झटक्यात कोळंबी बाहेर काढते. मी आपला रेवदंड्याच्या पद्धतीने एकेक कवच काढत होतो.

"आहो-ओपा, तू वाचतोयस का तिला?" दियाने विचारलं.

"बाबा सगळंच तळटीपांसकट करतात," समर म्हणाला.

मी हसलो. त्या बाकावर मला बरं वाटत होतं, आणि त्याच बऱ्या वाटण्यात मी मनाशी एक धाडस ठरवून टाकलं. उद्या दुपारी सगळ्यांना मी जेवायला घालणार. तिसऱ्या नाहीत, तर इथल्या काळ्या शिंपल्यांची एकशिपी. एकदा केली, की ताईला निदान पत्राच्या मागच्या बाजूचं उत्तर देता येईल.

सकाळी मी एकटाच बंदरावर गेलो. मासेवाल्याशी काय बोलायचं त्याची वाटेत दोनदा उजळणी केली. दोन किलो शिंपल्या घेतल्या, घरी येऊन ब्रशने घासल्या, कडेला लोंबणारे दोरे, म्हणजे त्यांच्या दाढ्या, ओढून काढल्या. मग उल्का करायची तसं केलं. मिटलेल्या शिंपल्या पातेल्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या. गारठ्याने त्या आपोआप उघडतात. मग एक शिंपी काढून टाकायची आणि मांस दुसरीत तसंच ठेवायचं. म्हणून तर एकशिपी. तासाभराने पातेलं बाहेर काढलं, तर सगळ्यांनी तोंडं उघडली होती. मला फार आनंद झाला. पातेलं ओट्यावर ठेवून, जरा पाठ टेकावी म्हणून मी वर खोलीत गेलो, आणि पुस्तक उघडलं.

माझ्या हातून हे नेहमीच होतं. एका प्रकरणाची दोन प्रकरणं झाली.

खाली आलो तर पातेलं धुऊन पालथं घातलेलं. वीबके दारात जाकीट चढवत होती.

"अहो, तू काळजी करू नकोस," ती म्हणाली. "त्या माणसाने तुला मेलेल्या शिंपल्या दिल्या. एकूणएक उघड्या होत्या. शिजवायच्या आधी उघडी असेल ती टाकायची, हे इथे लहान मुलांनाही ठाऊक असतं. दियाने बघितलं म्हणून बरं. सगळ्या कचऱ्याच्या टोनमध्ये टाकल्या. आता मी जाते आणि त्याला चांगलं ऐकवते. म्हाताऱ्या माणसाला बघून असं करायचं म्हणजे काय?"

समर धक्क्यावर फिरायला गेला होता. दिया कौतुकाची वाट बघत उभी होती.

वाटलं, गप्प बसावं. पुन्हा वर जावं. दुपारी ही माणसं कुठेतरी तळलेला मासा खातील, आणि माझ्या एकशिपीचं कोणाला कळायचंही नाही. मी एक पायरी चढलोसुद्धा. पण वीबकेने दाराची कडी काढली. त्या बिचाऱ्या मासेवाल्याने सकाळी मला वर मूठभर शिंपल्या जास्त घातल्या होत्या.

"वीबके, थांब," मी म्हणालो. "त्या मी उघडल्या होत्या."

"काय केलंस?"

"फ्रीझरमध्ये ठेवून. आमच्याकडे तसंच करतात. त्या चांगल्या होत्या."

वीबके जाकिटासकट बाकावर बसली. "म्हणजे तू आमच्यासाठी स्वयंपाक करत होतास. आणि मी तो कचऱ्यात टाकला."

"मी टाकला," दिया म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि ते दाबायला तिने तोंडावर हात धरला.

तेवढ्यात समर आला. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, आई नेहमीच फ्रीझरमध्ये ठेवायची. मला वाटलं तुला माहीत आहे."

"तुझ्या आईने मला त्या कधी उघडताना दाखवल्या नाहीत. नुसत्या वाढल्या," वीबके म्हणाली. "आल्झो, चला. सगळे चला. बारा वाजता तो दुकान आवरतो."

मासेवाला पेट्या धूतच होता. "पुन्हा दोन किलो? सकाळच्या संपल्या?"

"सकाळच्या यांनी उघडल्या आणि मी फेकल्या," वीबकेने सांगून टाकलं. पाच मिनिटांपूर्वी ती त्याला ऐकवायला निघाली होती, हे मात्र सांगितलं नाही.

"कुटुंबात काम वाटून घ्यावं," तो म्हणाला, आणि पुन्हा वर मूठभर घातल्या.

या वेळी फ्रीझरसमोर आम्ही चौघं होतो. शिंपल्या उघडल्या तशी वीबकेने एकेक उचलून वास घेतला, वरची शिंपी मोडली आणि मान हलवली. समरने कांदा चिरला. खोबरं दुकानातलं गोठवलेलं होतं, मसाला आणि आमसुलं मी घरूनच, असू द्यावीत म्हणून, कॉफीच्या डब्यातून आणली होती. कुंदाताईचं पत्र मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं, कृती समोर दिसेल असं. त्यावर रस्सा उडाला. मला चालला. ताईने प्रमाण कुठेच दिलेलं नव्हतं. 'अंदाजाने', 'पुरेसं', 'कळेल तुला' एवढंच. मला काही कळत नव्हतं. मी मीठ घातलं, मग घातलं की नाही अशी शंका आली म्हणून परत घातलं.

शर्टावर हळद सांडली होती, तो बदलायला मी वर गेलो. शर्ट बदलून झाला तरी खाली जावेना. खारट झालं असणार. ही माणसं भली आहेत, छान म्हणतील, आणि पाणी पीत राहतील. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि सवयीने पुस्तकाकडे हात गेला. खूण तर खाली मिठाच्या बरणीपाशी होती. पान सापडेना.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"अहो, जेवायला चला. गार होतंय."

मराठीत. वीबकेला अख्खं येणारं मराठी वाक्य हे एकच, उल्काकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं. 'र' तेवढा घशातून. गेली सोळा वर्षं ती हे वाक्य मधूनमधून म्हणत आली होती. गेल्या अडीच वर्षांत तर दर रविवारी फोनवरसुद्धा. मी तिकडे कारणं सांगत होतो आणि इकडे ताईच्या पत्रातल्या प्रश्नाशी अडून बसलो होतो.

"आलो," मी म्हणालो, आणि खाली गेलो.

एकशिपी खारट झाली होती. वीबकेने पहिला घास खाल्ला आणि सरळ सांगितलं, "अहो, मीठ जास्त आहे. भात आणखी लावते." दियाने मोडून काढलेल्या शिंप्यांतली एक धुऊन आणली आणि तिचा चमचा करून रस्सा प्यायली. समर दोनदा म्हणाला, "आईची याहून तिखट असायची," आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पातेल्यात शेवटी एक आमसूल उरलं, तेही त्याने चोखलं.

"आता रविवारी कारण चालणार नाही," ताटं उचलताना वीबके म्हणाली.

"गेनाऊ," दियाने साथ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहिलं. एकच मसुदा, खाडाखोड न करता.

'ताई, उत्तराला उशीर झाला. जेवायला हाक वीबके मारते. अहो म्हणून मारते. का, ते उल्काने तुला सांगितलंच असेल. काल एकशिपी केली. मीठ जास्त पडलं. तू किती घालतेस ते नीट चमच्याने मोजून लिही. पंढरी.'

बंदरावर जाताना टपालाच्या पिवळ्या पेटीपाशी मी थांबलो. पाकीट उलटसुलट करून पत्ता पुन्हा एकदा वाचला. तिघं पुढे गेली होती. "अहो," वीबकेने वळून हाक मारली. मी पाकीट फटीतून आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकून निघालो.