ब्रेकबाईंची मुलाखत

ब्रेकबाई हे नाव बाईंना त्यांच्या शिकाऊ मंडळींनी ठेवलं होतं, आणि ते बाईंच्या कानावर गेलेलं नाही असा मंडळींचा भाबडा समज होता. बाईंना चांगलं माहीत होतं. वर त्यांना त्याची घमेंडही होती. गाडी शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाही, हे त्या कुणालाही ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगायच्या. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बाईंच्या बाजूच्या त्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि शिकणाऱ्याच्या बाजूचं नवंकोरं होतं.

तिसऱ्याच काय, तिसाव्या वाक्यातही बाई जे सांगत नसत ते असं, की त्यांचे निम्मेअधिक शिकाऊ पहिल्या परीक्षेत आपटायचे. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसतो आणि तो मेला ब्रेक दाबत नाही. सिग्नल लाल झाला की बाईंची पोरं क्षणभर नुसती बसून राहायची. कुणीतरी दाबेल म्हणून.

हाच पाय बाई घरातही वापरत. यजमान ग्रंथपाल होते. आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्याची नोकरी केली आणि घरी येऊन स्वतः गप्प बसले. सुनावायला उरला बाईंचा धाकटा भाऊ. तोही आता पन्नाशीचा होता, पण बाईंच्या लेखी धाकटाच. घरं रंगवायचा, बिऱ्हाड त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, एकटा माणूस, आणि तीस वर्षं सिगारेट. बाईंनी तीस वर्षं त्याचे खिसे तपासले, शर्ट हुंगले, पाकिटं पाण्यात बुडवली. त्याने तीस वर्षं नवी पाकिटं घेतली.

आतापर्यंत हा खेळ होता. पण या वेळी शिडीवर चढता चढता धाकट्याची उजवी पोटरी अशी धरली, की तो चौथ्या पायरीवर लोंबकळत राहिला. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी पायाचा फोटो समोर धरला आणि गोड न बोलता सांगितलं, वाहिनी चोंदत चाललीय, सहा आठवड्यांनी परत या. तोवर सिगारेट चालूच राहिली तर पाय वाचवायची जबाबदारी माझी नाही.

बाई तिथेच, डॉक्टरांच्या खोलीत, धाकट्यावर बरसल्या. डॉक्टरांनी हात वर केला. म्हणाले, "अहो, ओरडून सुटत असती तर एव्हाना सुटली नसती का? मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणारा एखादा थेरपिस्ट बघा. ऑनलाइनसुद्धा मिळतात."

बाईंना हे शब्द फार आवडले. मोटिव्हेशनल म्हणजे ती स्टेजवर मुठी आवळून गर्जना करणारी माणसं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं होतं. आणि इंटरव्ह्यू म्हणजे समोरच्याला घाम फुटेपर्यंत प्रश्न. दोन्ही एकाच माणसात मिळत असेल तर आणखी काय पाहिजे? म्हणजे आपल्यासारखाच, फक्त सर्टिफिकेटवाला.

शोध सुरू झाला. यजमानांचा लॅपटॉप, बाईंचा चष्मा. शे-सव्वाशे फोटो होते आणि प्रत्येकाच्या मागे एक कुंडी. एक जण म्हणे, मी तुमच्या प्रवासात सोबत चालते. "सोबत चालून काय होणार? कान धरून ओढायला नको?" बाई म्हणाल्या. दुसऱ्याने अभिमानाने लिहिलं होतं, मी सल्ला देत नाही. "मग देतोस काय?" बाईंनी स्क्रीनला विचारलं. यजमान पुस्तकामागे हसले, पण पान उलटण्याच्या आवाजात ते खपून गेलं. शेवटी पद्धतीच्या रकान्यात खूण केल्यावर तिघेच उरले. एकीकडे तीन महिने जागा नव्हती, एकाने फोटोत कुत्रा घेतला होता, तिसरा स्वेटरमधला एक तरुण. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, म्हणजे कडक असणार. ओठ मिटून ऐकणं आणि समोरच्याची कारणं त्याच्याच तोंडून वदवून घेणं हाच त्याचा धंदा आहे हे बाईंना पुढे कळलं.

मग आला फॉर्म. कोणासाठी? स्वतःसाठी, जोडप्यासाठी, मुलासाठी. भावासाठी असा चौकोन कुठे नव्हता. बाई असल्या गोष्टींनी अडत नसत. शिकाऊंचे अर्जही त्या स्वतःच भरायच्या, पोरांनी फक्त सही करायची. त्यांनी "स्वतःसाठी" वर टिचकी मारली. अडचण काय? सिगारेट. किती वर्षं? तीस. आधी काय उपाय केले? या रकान्यात जागा पुरली नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला बाईंनी धाकट्याला लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत आणून बसवलं. स्क्रीनवर एक गोल फिरत होता. धाकट्याने गोलाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "जरा खाली जाऊन येतो," म्हणाला आणि सटकला. तेवढ्यात स्वेटरवाला उगवला. रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून बाई स्वतः बसल्या.

"आज कशाबद्दल बोलावंसं वाटतं?" त्याने विचारलं.

"सिगारेट."

"तीस वर्षं. फार मोठा काळ आहे."

"अहो, माझी नाही. भावाची. तो येतोय. तोवर मी तुम्हाला सगळं सांगून ठेवते, म्हणजे आला की झाडायला सोपं."

बाई अकरा मिनिटं बोलल्या. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बाईंना वाटलं, लाइन गेली. मग तो म्हणाला, "म्हणजे सिगारेट त्याची. पण सोडवायचं काम तीस वर्षं तुम्ही करताय."

"मग कोण करणार?"

"आणि ते एकटीने करून तुम्ही दमलात."

बाई नाही म्हणणार होत्या. त्यांच्यापुढे लोक दमले असं त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं. त्या दमल्या असतील असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

"मी दमत नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

हा माणूस भलताच होता. बाईंनी काही म्हणावं, त्याने ते इस्त्री करून, घडी घालून परत द्यावं. तो ऐकत नाही, असं बाई म्हणाल्या. "तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही असं वाटतं," तो म्हणाला. बाईंना चीड आली, कारण त्यांना तेच म्हणायचं होतं आणि त्याने ते कमी शब्दांत म्हटलं होतं.

"तुम्ही बोललात की भाऊ काय करतात?"

"गॅलरीत जातो."

"आणि गॅलरीत?"

"ओढतो," बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात यजमानांच्या हातून चमचा पडला. स्वेटरवाला काहीच बोलला नाही. बाईंना शांतता सहन होत नाही, पण लॅपटॉपला ब्रेक नसतो, पाय नुसताच फरशीवर दाबला गेला.

"शून्य ते दहा असं माप धरलं," तो शेवटी म्हणाला, "तर त्यांना सांगणं थांबवावं, हे तुम्हाला कितपत महत्त्वाचं वाटतं?"

थांबवावं? बाई उसळणारच होत्या. पण माणूस परका, त्यातून स्वेटर घालून बसलेला. सभ्यपणा म्हणून त्यांनी दोन सांगितले.

"एकदम शून्य का नाही?"

दहा का नाही, असं तो विचारील याची बाईंनी तयारी ठेवली होती. हे भलतंच होतं. सव्वीस वर्षं रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा दुसऱ्याच्या आधी पाहणाऱ्या बाई या खड्ड्यात सरळ उतरल्या.

"शून्य नाही, कारण..." त्या म्हणाल्या. मग जे तिसाव्या वाक्यातही सांगत नसत ते एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. परीक्षक मागे एकदा म्हणाले होते, बाई, तुमची पोरं चालवतात छान, थांबायला मात्र कुणाची तरी वाट बघतात. बाईंनी तेव्हा त्यांच्याशी भांडण काढलं होतं. घरी आल्यावर जेवण गेलं नव्हतं.

"आता तुम्ही काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही लबाड आहात."

"शक्य आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचे दात दिसले.

वेळ संपली. धाकटा पाच मिनिटांनी वर आला, अंगाला तोच वास घेऊन. दारातूनच त्याने लॅपटॉपला विचारलं, "सुटली का माझी?"

बाईंनी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली, त्याच्या पुढचीही. यजमानांना सांगितलं, त्या पोराला अजून माहिती पाहिजे. यजमान म्हणाले, "घे घे, सविस्तर दे." त्या दिवसांत बाई धाकट्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते त्यांनाच माहीत. एकदा तर तोंडात लवंग धरून बसल्या. घरात इतकी शांतता झाली, की यजमानांना पुस्तकात लक्ष लागेना.

सहा आठवडे सरले. बाईंच्याच गाडीतून डॉक्टरांकडे जायचं ठरलं. बाई त्या गाडीत चालकाच्या जागी कधी बसत नसत. त्यांची जागा शेजारची, झिजलेल्या रबराची. स्टिअरिंगवर धाकटा बसला.

बाईंनी एकच प्रश्न ठरवून आणला होता. दुसरा चौक गेल्यावर त्यांनी तो काढला. "शून्य ते दहा. सिगारेट सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?"

"त्या पोराने शिकवलं वाटतं."

"तू सांग ना."

"सहा," धाकटा म्हणाला.

बाई 'एक' ऐकायची तयारी करून आल्या होत्या. सहा ऐकून 'मग मेल्या सोडत का नाहीस' हे वाक्य तीस वर्षांच्या वेगाने जिभेवर आलं. बाईंनी ते गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

"चारच का नाही?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने चमकून पाहिलं. हा प्रश्न ताईच्या तोंडचा नव्हता. त्याने गिअर बदलला.

"छताच्या कोपऱ्यात ब्रश न्यायला शिडीची शेवटची पायरी लागते," तो म्हणाला. "आता मी खालून काठीला रोलर बांधून मारतो. कोपरे कच्चे राहतात. लोकांना दिसत नाहीत, मला दिसतात." मग म्हणाला, "तीनदा सोडली होती मी."

"तीनदा? मला एकदाचंच माहीत आहे."

"त्या एकदाचंच सांगतो. सात महिने झाले होते. बाबांच्या पंच्याहत्तरीला सगळे जमलेले, तू पेला वाजवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, याची सिगारेट मी सोडवली. टाळ्या पडल्या. आत्याने तुला जवळ घेतलं. मी खाली गेलो आणि पाकीट घेतलं."

बाईंना त्या टाळ्या आठवत होत्या. आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत त्यांनी तो दिवस धरला होता. धाकटा मध्येच उठून गेला होता हे मात्र त्यांना आज कळलं. लाज वाटली, आणि ती कुणावर ढकलावी ते कळेना.

"बाकी दोनदा तुला कळू दिलं नाही," तो म्हणाला. "तरी तू वास घेत यायचीस. येत नसला की विचारायचीस, काय रे, आज येत नाही? मग वाटायचं, हिला एवढी खात्री आहे तर ओढावीच. या वेळी सुटली तर तुला सांगणार नाही, ताई. विचारायचं नाही, हुंगायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा नाही."

"आणि नाही सुटली तर?"

"तेही सांगणार नाही."

"पाय गेला की कळेल ना रे मला?"

समोरचा सिग्नल लाल झाला आणि बाईंचा पाय सवयीने खाली गेला. गाडी गचकन थांबली, मागच्याने हॉर्न मारला.

"मी दाबणारच होतो," धाकटा म्हणाला.

सव्वीस वर्षं प्रत्येक शिकाऊ हेच म्हणत आला होता आणि बाई प्रत्येकाला म्हणाल्या होत्या, कळलं, पुढे बघ. या वेळी त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसल्या. दवाखाना येईपर्यंत तशाच. दोनदा त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं. दोन्ही वेळा गाडी वेळेवर थांबली.

तो एकटाच आत गेला. बाई पार्किंगमध्ये बसल्या. मोबाइलमध्ये डॉक्टरांचा नंबर होता, तो त्यांनी उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि शेवटी मोबाइल मागच्या सीटवर भिरकावला.

पाऊण तासाने धाकटा आला. चेहरा कोराच. मांडीवर बंद फाइल. एरवी ही फाइल एव्हाना बाईंच्या हातात असती, आणि शर्टाची कॉलर नाकाशी. त्यांचं नाक त्याच्याकडे वळतही होतं. पन्नाशीचा भाऊ, हातभर अंतरावर, एक श्वास घेतला असता तर सगळं कळलं असतं.

बाईंनी आपल्या बाजूची काच पार खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसल्या.

"चल," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या.