त्या वर्षी वल्ही त्याच्याकडे होती

एक पाय होडीत आणि एक काठावर, अशा अवस्थेत त्याने होडी ढकलली, आणि दोन्हींच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, बूट-मोज्यांसकट तो उभा राहिला.

"बाबा पडला!" चार वर्षांच्या धाकट्याने टाळ्या पिटल्या.

"पडले म्हणायचं," सात वर्षांच्या थोरलीने दुरुस्ती केली.

मागच्या फळीवर बसलेली त्याची बायको हसली नाही. "आधी ढकलायचं, मग चढायचं," ती म्हणाली. "दोन्ही एकदम नाही होत."

आजवर हे सगळं तीच करत आली होती. ती मुलांना पोहायला शिकवायची. थोरली दीड वर्षाची असल्यापासून दर उन्हाळ्यात होडीत तंबू टाकून तळ्यातल्या बेटावर एक मुक्काम करायचा, हा तिचा नेम होता. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस. होडीत त्याचं काम म्हणजे डबे सांभाळायचे आणि कोणी पाण्यावर वाकलं की कॉलर धरायची. पण या हिवाळ्यात तिच्या छातीची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद चाळले आणि "आता सहा महिन्यांनी या," एवढंच म्हटलं. त्या दिवशी घरी परतताना बेटाचा विषय त्यानेच काढला.

"आणि मी काय करू? सामानासारखी बसू?"

"बस की. होडीत सामानाइतकं शहाणं कोणी नसतं."

ती नाही म्हणाली नाही.

वल्हवणाऱ्याला जायचं असतं तिकडे पाठ करून बसावं लागतं, हे त्याला इतकी वर्षं दिसत होतं, कळलं मात्र आत्ता. त्याच्यासमोर फक्त ती होती. ती त्याच्या खांद्यावरून पुढे बघायची आणि सांगायची, "डावं जरा जोरात. अरे, डावं! माझं नव्हे, तुझं." होडीने दोनदा स्वतःभोवती गिरकी घेतली.

"तळंच वाकडं आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"हो ना. काल तर सरळ होतं," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

बेटावर पोहोचेपर्यंत त्याच्या हातांना फोड आले होते. तंबू उभा करताना सवयीने तीच दोरी ओढायला गेली. हात अर्ध्यावर अडला. तिने दोरी टाकून दिली आणि तंबूमागच्या दगडावर पाठ फिरवून जाऊन बसली.

तो काही वेळ खुंटीशी खटपट करत राहिला. मग दोरीचं टोक घेऊन तिच्याजवळ गेला.

"ही गाठ मला येत नाही."

"मागच्या वर्षी दाखवली होती."

"पालथ्या घड्यावर पाणी."

तिने न बघताच डावा हात पुढे केला. एका हाताने गाठ जमेना, तेव्हा तिने थोरलीला हाक मारली. दोरीचा एक पदर आईच्या हातात, दुसरा लेकीच्या. "वरून घे. आता खालून. सोडू नकोस." तिसऱ्या खेपेला गाठ बसली. धाकट्याने त्या दोरीला लोंबकळून बघितलं, आणि तंबू जागचा हलला नाही. मग सगळ्यांनी मिळून उकडलेली अंडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना वारा सुटला होता. बेटाच्या टोकाला वळसा घालताच लाटा होडीच्या कुशीवर आपटू लागल्या. धाकटा रडायला लागला. बापाच्या हातातलं एक वल्हं कडीतून निसटलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"धर ते. धरलंस? बस खाली," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "आता लाटेला तोंड दे. आडवा राहू नकोस. लहान लहान ओढ."

धाकट्याला तिने डाव्या हाताने पोटाशी घेतलं होतं. तिचे डोळे क्षणभरही पाण्यावरून हलत नव्हते. तो फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि सांगेल तसं ओढत होता. कधीतरी ती म्हणाली, "झालं. आता आडोसा आहे." खरंच, काठावरच्या टेकडीच्या सावलीत पाणी काचेसारखं पडलं होतं.

त्यानंतर बराच वेळ तिने काही सांगितलं नाही. डावं नाही, उजवं नाही. आपण चुकतोय आणि ती रागावली आहे, असं वाटून त्याने मान वर केली.

ती झोपली होती. मान तंबूच्या गुंडाळीवर कललेली, तोंड थोडं उघडं, मांडीवर धाकटा, तोही गाढ. पाण्यावर असताना तिचा डोळा लागलेला त्याने कधी पाहिला नव्हता. घरीसुद्धा गेले पाच महिने ती कुशीवर कुशी बदलत पहाटेची वाट बघायची. आता तिचा उजवा हात कसलीही राखण न करता सैल पडला होता.

त्याने वल्ही आवाज न करता पाण्यात बुडवायला सुरुवात केली. समोरचं मधूनमधून धूसर होत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा," त्याच्या पाठीमागे, होडीच्या टोकाला बसलेली थोरली कुजबुजली. "उतरायचा धक्का आला. आईला उठवू?"

"किती लांब आहे?"

"दहा वल्ही."

त्याने उजवं वल्हं पाण्यात रोवून धरलं आणि डावं हळूहळू ओढत राहिला. तळहातावरचा एक फोड फुटला. होडीचं तोंड सावकाश वळलं.

"बाबा, आपण परत उलटे चाललोय."

"हो."

"चुकून?"

"नाही," तो म्हणाला. "तू पुढे बघ आणि मला सांगत राहा."